ब्रायटन: महाल आणि काटेरी तार

ब्रायटन हे नाव मराठी घरांत पोचलं ते एका कवितेमुळे. १९०९ च्या डिसेंबरात सावरकरांनी या गावच्या किनाऱ्यावर बसून सागराला जी साद घातली, ती मंगेशकर भावंडांच्या आवाजात आपण इतक्या वेळा ऐकली आहे की, समुद्र दिसला की ती चाल आपोआप मनात सुरू होते. लंडनला गेलेली आपली बरीच माणसं एक दिवस राखून ब्रायटनला जातात ती त्या कवितेसाठीच. मीही त्यासाठीच गेले होते, आणि मुद्दाम डिसेंबरात गेले होते. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनातून गाडी तासाभरात पोचवते. याच व्हिक्टोरिया स्टेशनावर १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना अटक झाली होती, हे गाडीत बसल्यावर आठवलं.

आपल्या मनातला समुद्रकिनारा वाळूचा असतो. दिवेआगरचा, गुहागरचा, फार तर जुहूचा. ब्रायटनला वाळू जवळजवळ नाहीच. सगळे गोटे. तपकिरी, राखाडी, कोंबडीच्या अंड्याएवढे. लाट आली की ती आपटते तशीच आपटते, पण परत जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासत जातात आणि कुणी मोठ्या सुपात धान्य पाखडावं तसा आवाज होतो. बसायला काही सुखाची जागा नव्हे. थंडी अशी की, हातमोजे काढून फोटो घेण्याचाही धीर होईना. समोर इंग्लिश खाडी, पलीकडे फ्रान्स.

त्या डिसेंबरात सावरकर सव्वीस वर्षांचे होते. १ जुलै १९०९ रोजी मदनलाल धिंग्रा यांनी लंडनमध्ये कर्झन वायली याला गोळ्या घातल्या होत्या आणि १७ ऑगस्टला धिंग्रांना फाशी झाली होती. थोरले बंधू बाबाराव यांना जूनमध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. वकिलीची परीक्षा होऊनही सनद नाकारली गेली होती. हायगेटचं इंडिया हाऊस बंद पडलं होतं आणि गुप्तहेर पाठीवर असल्यामुळे खोली द्यायला घरमालक तयार नव्हते. त्या दिवशी किनाऱ्यावर त्यांच्यासोबत बिपिनचंद्र पाल यांचे चिरंजीव निरंजन पाल होते. तेच निरंजन पाल, ज्यांनी पुढे ‘अछूत कन्या’ लिहिला. ती कविता कशी झाली हे आपल्याला कळतं ते त्यांच्या आठवणींतून. किनाऱ्यावर हे सांगणारी पाटी काही मला दिसली नाही. बर्फाळ वाऱ्यात कुत्री फिरवणारी दोन-चार माणसं तेवढी होती.

मग मी गावात वळले. पुढचा दिवस त्या कवितेपासून मला बराच दूर घेऊन गेला, आणि शेवटी भलत्याच रस्त्यानं परत तिच्यापाशी आणून सोडलं.

या गावाचं जुनं नाव ब्रायटहेल्मस्टन. कोळ्यांची वस्ती. त्याचं नशीब पालटलं ते एका डॉक्टरमुळे. शेजारच्या लुईस गावच्या रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये लॅटिनमध्ये ग्रंथ लिहून जाहीर केलं की, गाठींच्या विकारांवर समुद्राचं पाणी रामबाण आहे; त्यात डुंबा आणि तेच प्या. श्रीमंत मंडळी खरोखरच पेले भरून प्यायला लागली. पिण्याची प्रथा पुढे मागे पडली, डुंबण्याची राहिली. १७८३ मध्ये युवराज जॉर्ज, म्हणजे पुढचा राजा चौथा जॉर्ज, पहिल्यांदा इथे आला, आणि युवराज आला म्हटल्यावर सगळं लंडन त्याच्या मागे आलं.

या गर्दीत १८१४ मध्ये एक हिंदी माणूसही आला. शेख दीन महंमद, जन्म १७५९, गाव पाटणा. कंपनीच्या फौजेबरोबर हिंडून तो एका अँग्लो-आयरिश अधिकाऱ्यासोबत १७८४ मध्ये आयर्लंडला गेला, तिथे आयरिश मुलीशी लग्न केलं, आणि १७९४ मध्ये आपलं प्रवासवर्णन छापलं. हिंदी माणसानं इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेलं ते पहिलं पुस्तक. १८१० मध्ये त्यानं लंडनमध्ये हिंदुस्थानी जेवणाचं हॉटेल काढलं. त्यात दिवाळं वाजलं. पण गडी खचला नाही. ब्रायटनच्या समुद्रावर त्यानं वाफेची स्नानगृहं उघडली आणि तेल-औषधींनी अंग रगडून द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे न्हाव्याच्या खुर्चीत होते ती चंपी. ‘शाम्पू’ हा इंग्रजी शब्द या चांपण्यावरूनच आला. नंतर तो बाटलीवर जाऊन बसला. दीन महंमद दोन राजांचा अधिकृत ‘शाम्पूइंग सर्जन’ झाला. १८५१ मध्ये तो इथेच वारला, आणि गावातल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्याला पुरलं आहे. त्याची स्नानगृहं जिथे होती तिथे आज एक मोठं हॉटेल उभं आहे.

तिथून रॉयल पॅव्हिलियन चालत पाच-सात मिनिटांवर. वळण घेतल्यावर तो समोर आला आणि मला हसूच आलं. इंग्लिश गावाच्या मधोमध कांद्याच्या आकाराचे घुमट, मिनार, जाळीदार सज्जे. आपल्याकडे लग्नाच्या हॉलला राजवाड्याचा मुखवटा चढवतात, तसंच काहीसं. हे जॉन नॅश या वास्तुशिल्पीचं काम, १८१५ ते १८२२ च्या दरम्यानचं. घुमटांच्या आत लोखंडी सांगाडा आहे, तो त्या काळी नवलाचा होता. नॅशनं हिंदुस्थान पाहिला नव्हता आणि त्याच्या राजानंही नाही. दोघांचा हिंदुस्थान चित्रांतला. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांनी आपल्याकडे हिंडून केलेल्या चित्रांचे खंड तेव्हा इंग्लंडमध्ये फार गाजत होते. जाता जाता सांगते, त्या मालिकेतला वेरूळच्या लेण्यांचा खंड जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेला आहे. हाच वेल्स पुण्यात राहिला होता आणि त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली होती. म्हणजे ज्या चित्रमालिकेनं ब्रायटनला घुमट दिले, तिच्यात पुण्याचाही थोडा वाटा आहे.

आत शिरलं की हिंदुस्थान संपतो आणि चीन सुरू होतो. भोजनगृहात छताला एक ड्रॅगन, आणि त्याच्या पंज्यात टनभर वजनाचं झुंबर. मुदपाकखान्यातले लोखंडी खांब ताडाच्या झाडांसारखे. व्हिक्टोरिया राणीला हा थाट मानवला नाही आणि आजूबाजूला गाव इतकं वाढलं होतं की, खासगीपणही उरलं नव्हतं. १८५० मध्ये तिनं तो महाल गावाला विकून टाकला. ही तारीख लक्षात ठेवा, तिचं काम पुढे आहे.

१९१४ च्या सप्टेंबरात हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेल्सला उतरल्या आणि उन्हाळी कपड्यांतच थेट खंदकांत गेल्या. जखमी इतके झाले की, त्यांना इंग्लंडला आणणं भाग पडलं. त्याच डिसेंबरात ब्रायटनमधल्या तीन इमारतींची रुग्णालयं झाली. एक हा महाल, दुसरी यॉर्क प्लेसची शाळा, तिसरी टेकडीवरचं अनाथ-निराधारांचं आश्रयगृह. महाल आणि त्याच्या शेजारची जुनी शाही पागा मिळून ७२४ खाटा मांडल्या. पागेचा घुमट प्रचंड आहे. त्याखाली ओळीनं खाटा आणि खाटांवर फेटेवाली माणसं, असे त्या वेळचे फोटो तिथल्या दालनात लावलेले आहेत. त्या फोटोंपुढे मी बराच वेळ उभी होते.

व्यवस्था मात्र थक्क करणारी होती. जातिधर्मांप्रमाणे नऊ स्वयंपाकघरं. प्रत्येक वॉर्डात दोन नळ, एक हिंदूंसाठी, एक मुसलमानांसाठी. पाट्या उर्दू, गुरुमुखी आणि हिंदीत. शिखांना प्रार्थनेसाठी आवारात तंबू, मुसलमानांना मक्केच्या दिशेला हिरवळीवर जागा. सत्तावन्नच्या उठावाला तेव्हा साठ वर्षंही झाली नव्हती. काडतुसाच्या चरबीनं काय झालं ते सरकार विसरलं नव्हतं, म्हणून इतकी काळजी, असं मला वाटतं. पण निव्वळ धोरणच होतं असंही म्हणवत नाही. गावातले लोक फुलं-फळं घेऊन येत होते, डॉक्टर रात्रंदिवस राबत होते. एका जवानानं घरी लिहिलं की, इथे आजाऱ्यांना फुलासारखं जपतात आणि राजाचं सिंहासन जिथे होतं तिथेच आमचा दवाखाना आहे.

आता ती १८५० ची तारीख काढा. महाल राजाचा नव्हताच. पासष्ट वर्षं तो गावच्या नगरपालिकेचा होता. तरी बादशहानं आपल्या शूर हिंदी सैनिकांसाठी स्वतःचा महाल रिकामा करून दिला, अशी गोष्ट पसरू दिली गेली. इंग्रजी, उर्दू आणि गुरुमुखीत एक सचित्र पुस्तिका काढली. पोस्टकार्डं छापली. ऑगस्ट १९१५ मध्ये पाचव्या जॉर्जनं याच हिरवळीवर मीर दस्त या पठाण जमादाराला व्हिक्टोरिया क्रॉस दिला, त्याचेही फोटो आहेत. हे सगळं घरी, पंजाबच्या खेड्यांपर्यंत पोचावं, आणखी भरती व्हावी, हा हिशेब उघड होता.

बाहेर पडताना दक्षिणेचं दार लागतं. गुजराती वळणाची चौखांबी कमान. ती १९२१ च्या ऑक्टोबरात पतियाळाच्या महाराजांच्या हस्ते उघडली गेली. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांनी आणि जनतेनं ब्रायटनकरांना आभारापोटी दिलेली भेट. जनतेला कुणी विचारलं असेल, हा प्रश्न त्या दाराखाली उभं राहून पडतोच.

दुपारचा एक वाजला होता आणि इंग्लंडच्या डिसेंबरात चारला अंधार पडतो. बस पकडून मी पॅचमला गेले. गाव संपतं तिथून डाउन्स नावाच्या हिरव्या टेकड्यांवर पायवाट चढते. पांढऱ्या खडूचा चिखल बुटांना पीठ मळल्यासारखा चिकटतो. वर, मेंढ्यांच्या कुरणात, एकाएकी एक संगमरवरी छत्री दिसते. आठ खांब, वर घुमट. तिचं इंग्रजीतही नाव ‘छत्री’च आहे.

ब्रायटनच्या रुग्णालयांत मिळून सुमारे १२ हजार हिंदी जवानांवर उपचार झाले. त्यांतले मुसलमान जे दगावले त्यांना वोकिंगच्या मशिदीजवळ पुरलं. ५३ हिंदू आणि शिखांचे देह मोटारीनं या टेकडीवर आणून इथे दहन केले आणि रक्षा समुद्रात सोडली. हिंदी तरुण वास्तुशिल्पी ई. सी. हेन्रिकेस यांनी छत्रीचा आराखडा केला. जयपूरला आयुष्य घालवलेले सर स्विंटन जेकब त्यांच्या पाठीशी होते. १ फेब्रुवारी १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सनं तिचं अनावरण केलं. खाली तीन मोठ्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, त्यांच्याखाली चितांचे मूळ चौथरे. शिलालेख हिंदी, पंजाबी, उर्दू आणि इंग्रजीत. पण गेलेल्यांची नावं मात्र नव्वद वर्षं इथे नव्हती. ती २०१० मध्ये, शेजारी एक वेगळी भिंत उभारून कोरली गेली.

ती त्रेपन्न नावं मी एकेक करून वाचली. फ्रान्सला गेलेली फौज मुख्यतः पंजाब, गढवाल, नेपाळ आणि सरहद्दीकडची. आपल्या मराठा पलटणींचं मोठं रण मेसोपोटेमियात झालं, त्यामुळे ब्रायटनच्या या इतिहासात मराठी माणूस नाही, अशी माझी समजूत दृढ होत चालली होती. वारा इतका होता की, उभं राहवेना. खाली दूरवर गाव आणि त्यापलीकडे समुद्राची शिशाच्या रंगाची पट्टी.

मराठी माणूस होता. तो तिसऱ्या रुग्णालयात होता.

टेकडीवरून उतरल्यावर टॅक्सी केली आणि एल्म ग्रोव्हवरच्या जुन्या जनरल हॉस्पिटलला न्यायला सांगितलं. चालक मागे वळून म्हणाला, ‘‘तिथे अपघात विभाग नाही हं. बरं वाटत नसेल तर दुसरीकडे नेतो.’’ बरं आहे, फक्त इमारत पाहायची आहे, असं सांगितल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं.

इमारत आजही आहे. चढावर, लांबच लांब, मधे घड्याळाचा मनोरा. १८६७ ची. अनाथ-निराधारांना कामाच्या बदल्यात अन्न देणारं हे गृह, म्हणजे इंग्लंडमधल्या गरिबाला ज्याची तुरुंगाइतकीच धास्ती वाटे अशी जागा. युद्धात तिथल्या लोकांना हलवून तिचं ‘किचनर हिंदी रुग्णालय’ केलं. खाटा जवळपास दोन हजार, तिन्हींत सर्वांत मोठं. प्रमुख होते इंडियन मेडिकल सर्व्हिसचे कर्नल सर ब्रूस सेटन.

सेटन यांचं चित्र एकाच रंगात काढता येत नाही. हिंदी सैनिक लढाई टाळण्यासाठी स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेतात, असा संशय तेव्हा वरच्या वर्तुळांत होता. सेटन यांनी आपल्या रुग्णालयातल्या एक हजार जखमांची तपासणी करून अहवाल दिला की, याला आधार नाही. हजारो जवानांच्या इभ्रतीचा प्रश्न होता आणि त्यांनी पुराव्यानं बोलून तो सोडवला. पण याच सेटन यांनी रुग्णालयाच्या भिंतींवर काटेरी तार बसवली, दारांवर पहारे ठेवले. हिंदी माणसं गावात गेली तर गोऱ्या बायकांशी संबंध येतील, बदनामी होईल, ही भीती. हा नियम नुसत्या रुग्णांना नव्हता. तिथे काम करणारे हिंदी कर्मचारीही आत. हातीपायी धड असलेली, शिकलेली माणसं महिनोन्‌महिने भिंतीआड.

त्यांच्या मनातलं आपल्याला कळतं ते पत्रांमुळे, आणि पत्रं टिकली ती सरकारच्या संशयामुळे. हिंदी सैनिकांची टपाल फोडून वाचायला खास खातं होतं. ते दर आठवड्याला निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर करून वर पाठवी. ते कागद आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून कुणी घरी कळवायचा की, काळी मिरी संपत आली आहे आणि आता लाल मिरची वापरतात. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. भरतीला येऊ नका, हा त्याचा अर्थ घरच्यांनी लावायचा.

किचनर रुग्णालयातल्या एका हिंदी कर्मचाऱ्याचं पत्र मात्र सरळ आहे. त्यात तो म्हणतो की, खायला भरपूर आहे, कपडेलत्ते आहेत, पण मुख्य गोष्ट, मोकळीक, ती नाही. चहूकडे काटेरी तार, दाराशी शिपाई. हिंदुस्थानात गुन्हेगारांना अंदमानला धाडतात. आम्हाला आमचं अंदमान इथे इंग्लंडातच सापडलं. आमचा गुन्हा तरी काय, असं तो विचारतो.

आणि १९१५ मध्येच इथल्या एका सब-असिस्टंट सर्जननं, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या हिंदी डॉक्टरनं, या कोंडमाऱ्यापायी कर्नल सेटन यांना गोळी घालण्याचा प्रयत्न केला. सेटन वाचले. डॉक्टरला कैदेची शिक्षा झाली. त्याचं नाव जगू गोडबोले.

हे नाव एका इंग्रजी पुस्तकात पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी दचकलेच. आडनाव गोडबोले, आणि हातात शस्त्र. तो क्रांतिकारक नव्हता. सरकारी नोकरीतला डॉक्टर, सातासमुद्रापलीकडे जखमा बांधायला आलेला. त्याच्या गावाचं, घरच्यांचं पुढे काय झालं, याची आपल्याकडे कुणी चौकशी करावी असं फार वाटतं. पुण्या-रत्नागिरीच्या एखाद्या ट्रंकेत ब्रायटनचं पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट असेलही.

मी पोचले तेव्हा मनोऱ्यावरच्या घड्याळात चार वाजत आले होते. भिंत कंबरेपेक्षा थोडी उंच, तारेचा मागमूस नाही. या चढावरून समुद्र स्वच्छ दिसतो. खाली पॅलेस पिअरवर दिवे लागत होते आणि त्याच्यावर साळुंक्यांच्या जातीच्या पाखरांचे थवेच्या थवे धुरासारखे फिरत होते. हिवाळ्याच्या संध्याकाळी ते रोज तसे जमतात. तारेच्या आतल्या माणसांनाही हा समुद्र असाच दिसत असणार.

त्या कर्मचाऱ्यानं पत्रात अंदमानचं नाव घेतलं तेव्हा सहा वर्षांपूर्वी खालच्या गोट्यांवर बसलेले सावरकर खऱ्या अंदमानात होते. ४ जुलै १९११ रोजी ते पोर्ट ब्लेअरच्या सेल्युलर जेलमध्ये दाखल झाले होते. १९१६ च्या सुरुवातीला हिंदी पायदळ फ्रान्समधून हलवलं गेलं होतं आणि ब्रायटनची हिंदी रुग्णालयं बंद झाली. सावरकर अजून तिथेच होते. फेब्रुवारी १९२१ मध्ये डाउन्सवरच्या छत्रीचं अनावरण झालं, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, मे मध्ये, त्यांना अंदमानातून हलवलं. तेही घरी नाही; रत्नागिरीच्या तुरुंगात.